उंदराच्या कवटीवरचा आफ्रिकेचा नकाशा

जोहान्सबर्ग येथील दक्षिण आफ्रिकी वैद्यकीय संशोधन संस्थेत काही दशकांपूर्वी वरकरणी अगदी साधा वाटणारा एक प्रयोग झाला. प्रयोगशाळेतच जन्मलेल्या रानउंदरांना प्लेगचे जंतू टोचायचे आणि त्यातले किती दगावतात ते पाहायचे. मार्गारेथा आयझॅकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली या प्रयोगाचे निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध केले. तपासलेल्या उंदरांमध्ये दोन असे होते की, त्यांना शेजारी शेजारी ठेवले तर कोणीही एकच म्हटले असते. रंग तोच, चण तीच, शेपटी तेवढीच, सवयीही जवळजवळ सारख्या. पण एक प्लेगला झटकन बळी पडत होता, तर दुसरा त्या जंतूंना बऱ्याच अंशी दाद देत नव्हता.

याहून विलक्षण गोष्ट नकाशावर दिसली. दक्षिण आफ्रिकेत जेथे जेथे माणसांना प्लेग झाल्याच्या नोंदी होत्या, तो प्रदेश आणि पहिल्या उंदराच्या वस्तीचा प्रदेश एकमेकांशी चांगलेच जुळत होते. दुसऱ्या उंदराचे प्राबल्य असलेल्या भागात मात्र अशा नोंदी नव्हत्या. म्हणजे कोणत्या गावात कोणता उंदीर राहतो, हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा राहिला नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाला. आणि बाहेरून हुबेहूब दिसणारे हे दोन जीव वेगळे ओळखायचे तरी कसे, हा त्याच्याही आधीचा प्रश्न. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग उंदराच्या इवल्याशा कवटीत दडलेला आहे.

पहिल्याचे शास्त्रीय नाव मॅस्टोमिस कौचा आणि दुसऱ्याचे मॅस्टोमिस नेटॅलेन्सिस. आपण त्यांना बहुस्तनी उंदीर म्हणू. आपल्या घरात वावरणाऱ्या साध्या पिटुकल्या उंदराच्या मादीला स्तनांच्या पाच जोड्या असतात, तर मॅस्टोमिसच्या मादीला आठ ते बारा. एका वेतात दहा-बारा पिल्ले होणे ही नित्याची बाब. पाऊस चांगला झाला, मक्याचे पीक जोमात आले की या उंदरांची संख्या अशी फुगते की, टांझानियासारख्या देशात शेतकऱ्यांना पेरलेले बीही राखता येत नाही. रानात, शेतात, बांधावर, कणगीत आणि थेट माणसाच्या झोपडीत, सर्वत्र त्यांचा संचार. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असे प्रदेश थोडेच असतील की जेथे यांचा कोणी ना कोणी भाऊबंद सापडत नाही.

या दोन्ही उंदरांना १८३० च्या दशकात अँड्र्यू स्मिथ या एकाच निसर्ग-अभ्यासकाने नावे दिली. नेटॅलेन्सिस हे नाव पोर्ट नाताळवरून, म्हणजे आजच्या डर्बनवरून आले. पुढे मात्र या दोन नावांतील भेद पुसट होत गेला. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात सेनेगलपासून केप प्रांतापर्यंतचे सारे बहुस्तनी उंदीर म्हणजे एकच सर्वव्यापी प्रजाती, असे बहुतेक जण मानत. असे का झाले हे समजून घ्यायचे, तर थोडे संग्रहालयांच्या कपाटांत डोकावावे लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी आफ्रिकेतून हजारो लहान सस्तन प्राण्यांचे नमुने लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात येत होते. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग असत. एक पेंढा किंवा कापूस भरलेले कातडे, आणि दुसरा छोट्या डबीत ठेवलेली स्वच्छ केलेली कवटी. सोबत एक चिठ्ठी. तिच्यावर ठिकाण, तारीख, लिंग आणि गोळा करणाऱ्याचे नाव. ऑल्डफील्ड थॉमस हे तेथील सस्तन प्राण्यांचे सर्वांत मोठे जाणकार. दोन हजारांहून अधिक नव्या प्राणिनामांचे जनकत्व त्यांच्याकडे जाते आणि मॅस्टोमिस हे नावही १९१५ साली त्यांनीच दिले. त्यांच्या बरोबरीने काम करणाऱ्यांत रॉबर्ट चार्ल्स रॉटन नावाचे एक गृहस्थ होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा इतिहास ठाऊक असणाऱ्यांना हे नाव परके वाटणार नाही. भारतीय वनखात्यात तीन दशके नोकरी केलेल्या या अधिकाऱ्याने आपल्याकडच्या मुंग्यांवर सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले होते, आणि पुढे सोसायटीच्या भारतीय सस्तन प्राण्यांच्या पाहणीत त्याचा मोठा वाटा होता. निवृत्तीनंतर लंडनला गेल्यावर रॉटन यांनी प्रथम हात घातला तो आफ्रिकेच्या संग्रहाला. पाठीवर चार पट्टे असलेल्या आफ्रिकी उंदराच्या विविध रूपांवर त्यांनी १९०५ साली लिहिलेला निबंध आजही संदर्भासाठी पाहिला जातो.

त्या काळची पद्धत अशी : दोनचार कातडी आणि कवट्या समोर ठेवायच्या, डोळ्यांना आणि मोजपट्टीला फरक जाणवला की त्याला नवे नाव द्यायचे. एखाद्या टेकडीवरचा उंदीर किंचित फिकट, कवटी अर्ध्या मिलिमीटरने लांब. झाली नवी उपप्रजाती. ऑस्टिन रॉबर्ट्स यांचा दक्षिण आफ्रिकेच्या सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात अशा उपप्रजातींची अक्षरशः दाटी झाली होती. पुढच्या पिढीला हा पसारा असह्य झाला आणि तिने नावांची छाटणी सुरू केली. छाटणी आवश्यकच होती, पण त्या भरात काही खरे भेदही कापले गेले. बहुस्तनी उंदीर त्यांतलाच एक.

येथे एक मूलभूत अडचण आहे. एकाच प्रजातीचे प्राणी वेगवेगळ्या प्रदेशांत राहिले तरी त्यांच्या कवट्या वेगळ्या होतात. आणि दोन निराळ्या प्रजातींच्या कवट्याही वेगळ्या असतात. समोर ठेवलेल्या दोन कवट्यांतील फरक नेमका कशामुळे आहे? जागेमुळे की वंशामुळे? आफ्रिकी कृंतकांच्या, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, अभ्यासात गेली शंभर-सव्वाशे वर्षे सारा वाद याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

आधी जागेचे पाहू. कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली असे मांडले की, उष्ण रक्ताच्या प्राण्यांत थंड प्रदेशातील प्राणी आकाराने मोठे असतात, कारण मोठ्या शरीरातून त्याच्या वजनाच्या मानाने उष्णता कमी निसटते. शाळेच्या पुस्तकातही हा नियम येतो. आफ्रिकेत मात्र तो उंदरांना लावताना जपून लावावा लागतो. कोरड्या खंडात तापमानापेक्षा पाऊस आणि पावसावर उगवणारे गवत ही मोठी सत्ता असते. जेथे खाणे भरपूर तेथे देह मोठा, असा बर्गमनला पर्याय सुचवणारा विचार अलीकडे बळावला आहे आणि मला तो अधिक पटतो. उंदराला थंडीवर बीळ हा उपाय आहे, उपासमारीवर मात्र उपाय नाही.

पण आकारमान ही कवटीची केवळ पहिली गोष्ट झाली. तिची घडणही बदलते, आणि खरी गंमत तेथे आहे. उंदराची कवटी हातात घेऊन उलटी केली तर कानाच्या जागी, तळाशी, दोन पातळ हाडांचे फुगे दिसतात. मधल्या कानाची पोकळी त्यांत असते. दक्षिण आफ्रिकेच्या ओलसर, उंच गवताच्या प्रदेशात राहणारे ओटोमिस नावाचे गुबगुबीत उंदीर आहेत. त्यांचे हे फुगे बेताचे. त्यांचेच जवळचे नातलग पॅरोटोमिस. हे कारू आणि नामिबच्या रुक्ष, उघड्या माळावर राहतात आणि धोका दिसला की शिट्टीसारखा आवाज काढतात. त्यांचे फुगे चांगलेच टपोरे. वाळवंटातील जर्बिलांमध्येही हाच प्रकार, काहींत तर कवटीचा मागचा भाग जणू या फुग्यांनीच व्यापलेला. उघड्या रानात लपायला जागा नसते. घुबडाच्या पंखांची हलकी फडफड किंवा सापाच्या सरपटण्याचा आवाज वेळेत ऐकू येणे हाच बचाव. मधल्या कानाची पोकळी मोठी असेल तर असे खालच्या पट्टीतील आवाज अधिक चांगले ऐकू येतात, असे जर्बिलांसारख्या वाळवंटी उंदरांवरील अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे कवटीच्या तळाशी असलेला हा फुगा पाहून तो प्राणी किती पावसाच्या मुलखातला असावा, याचा निदान कच्चा अंदाज बांधता येतो.

जमिनीचा पोतही असाच कवटीवर उतरतो. आफ्रिकेतील भूमिगत उंदरांपैकी, ज्यांना इंग्रजीत ‘मोल-रॅट’ म्हणतात, बहुतेक जण पटाशीच्या दातांनी माती उकरतात. त्यांचे दात पुढे झुकलेले आणि कवटी जबड्याच्या स्नायूंना आधार देण्यासाठी रुंद व दणकट असते. पण केपच्या किनाऱ्यावरील मऊ वाळूत राहणारा त्यांचा सर्वांत मोठा भाऊ बॅथिअर्गस पायाच्या लांब नखांनी खणतो. त्याच्या कवटीला दातांनी खणण्याचा तो ताण सोसावा लागत नाही आणि तिची घडणही त्यानुसार निराळी आहे.

ही उदाहरणे ढळढळीत आहेत, कारण ती वेगवेगळ्या प्रजातींची आहेत आणि हे फरक लक्षावधी वर्षांत साचलेले आहेत. एकाच प्रजातीच्या आत हेच फरक सौम्य, हळूहळू सरकणारे असतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे, कोरड्याकडून ओल्याकडे जावे तशी कवटी थोडी थोडी बदलत जाते आणि कोठेही बोट ठेवून ‘येथे सीमा’ असे म्हणता येत नाही. शिवाय काही फरक तर वंशपरंपरेचेही नसतात. पिंजऱ्यात मऊ अन्नावर वाढवलेल्या उंदराचा जबडा कठीण दाणे फोडणाऱ्या उंदरासारखा घडत नाही. वय हा आणखी एक फसवा घटक. उंदराची कवटी प्रौढपणीही वाढत राहते, त्यामुळे कोवळ्या आणि म्हाताऱ्या उंदरांची सरमिसळ झाली तर सारे गणित चुकते. म्हणून दाढा किती झिजल्या आहेत हे पाहून आधी वयाचे गट पाडतात. त्यातही मेख आहे. वाळूमिश्रित खाण्याने दाढा लवकर झिजतात, म्हणजे वाळवंटातला तरुण उंदीर कागदावर म्हातारा ठरू शकतो. मॅस्टोमिसच्या बाबतीत तर पिल्लू कोणत्या हंगामात जन्मले, त्या वर्षी पाऊस कसा झाला, यावरही वाढीचा वेग ठरतो. एखाद्या जुन्या मोहिमेने एकाच महिन्यात एका गावाबाहेर पकडलेले पंधरा उंदीर म्हणजे त्या प्रदेशाची कवटी, असे समजणे किती धोक्याचे, हे यावरून ध्यानात येईल.

आता वंशाकडे वळू. बहुस्तनी उंदराबाबत कोंडी फुटली ती कवटीमुळे नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींतील गुणसूत्रे मोजण्याचे तंत्र सुलभ झाले, तेव्हा आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतील ‘एकाच’ मॅस्टोमिसमध्ये गुणसूत्रांची संख्या वेगवेगळी भरू लागली. १९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांना काही उंदरांत ३२, तर काहींत ३६ गुणसूत्रे आढळली. ३४ वाला, म्हणजे दोहोंच्या संकराचा पुरावा, रानात सापडेना. रक्तातील हिमोग्लोबिनची चाचणी केली तर तेथेही हेच दोन गट स्पष्ट वेगळे पडत. एकाच शेतात राहूनही जे एकमेकांशी संकर करत नाहीत त्यांना एक प्रजाती म्हणता येत नाही. ३२ वाला नेटॅलेन्सिस आणि ३६ वाला कौचा अशी जुनी दोन नावे पुन्हा जिवंत झाली. स्थूलमानाने कौचा अंतर्भागातल्या उंच, कोरड्या पठारावरचा आणि नेटॅलेन्सिस पूर्वेच्या सखल, ओलसर भागातला, जो पुढे उत्तरेकडे खंडभर पसरला आहे. काही पट्ट्यांत दोघे एकत्रही नांदतात.

मग कवटीची गरज काय उरली? गरज उरली ती अशी की, गुणसूत्रे मोजण्यासाठी जिवंत किंवा ताजा उंदीर लागतो. संग्रहालयांच्या कपाटांत शतकभराचे हजारो नमुने पडून होते, त्यांतल्या कोणाचेही गुणसूत्र मोजता येणे शक्य नव्हते. प्लेगच्या जुन्या साथींच्या वेळी पकडलेले उंदीर कोणते होते, हे सांगू शकणारे एकमेव साक्षीदार त्या डबीतल्या कवट्याच होत्या. तेव्हा उलटा मार्ग धरण्यात आला. ज्यांची ओळख गुणसूत्रांनी किंवा रक्ताने आधीच पक्की झाली आहे, अशाच उंदरांच्या कवट्या मोजायच्या आणि त्यांत काही भेद सापडतो का ते पाहायचे. डिपेनार, स्वानेपूल आणि गॉर्डन या त्रयीने १९९३ साली याच पद्धतीने केलेले काम प्रसिद्ध केले. एकेका मापाने काही साधत नाही, हे जुन्यांच्या अपयशाचे कारण. दोन्ही उंदरांच्या प्रत्येक मापाच्या मर्यादा एकमेकींवर चढलेल्या असतात. पण अनेक मापे एकत्र घेऊन, प्रत्येकाला योग्य ते वजन देऊन एक संयुक्त आकडा काढला, तर दोन ढीग वेगळे होतात. एकेका सुरावरून राग ओळखता येत नाही, सुरांच्या परस्परसंबंधांवरून मात्र जाणकाराला ओळखता येतो, तसेच काहीसे.

या शास्त्राने पुढे आणखी एक वळण घेतले. व्हर्नियर कॅलिपरने मापे घेतली की लांबी-रुंदीचे आकडे मिळतात. आकृती मात्र हरवते. त्यामुळे आता कवटीचे छायाचित्र घेऊन तिच्यावर ठरावीक खुणेचे बिंदू लावतात. नाकाच्या हाडाचे टोक, दोन हाडांचा सांधा जेथे मिळतो ती जागा, पहिल्या दाढेची कड, मेंदूतून मज्जारज्जू बाहेर पडतो त्या छिद्राची कड. सर्व कवट्यांवर तेच बिंदू, त्याच क्रमाने. मग संगणक या बिंदूंचे सांगाडे एकमेकांवर ठेवतो : सर्वांचे मध्य एका जागी आणतो, सर्वांना एकाच आकारमानाचे करतो आणि शक्य तितके जुळेपर्यंत फिरवतो. या क्रियेला प्रोक्रस्टीजचे नाव दिले आहे. ग्रीक दंतकथेतला हा दरोडेखोर पाहुण्याला आपल्या पलंगावर झोपवी आणि पलंगाच्या मापात बसवण्यासाठी त्याला ताणी किंवा त्याचे पाय छाटी. सुदैवाने येथे फक्त आकडेच ताणले जातात. आकारमानाचा, जागेचा आणि वळणाचा फरक असा काढून टाकल्यावर जे उरते तो निखळ घडणीचा फरक. खाऊन-पिऊन धष्टपुष्ट झालेला उंदीर आणि उपाशी उंदीर यांच्यातील तफावत बऱ्याच अंशी या गाळणीत मागे राहते. सगळी नव्हे, कारण कवटी मोठी होताना तिची घडणही थोडी बदलतेच.

याचे मूळ स्वप्न जुने आहे. डार्सी थॉम्पसन यांनी १९१७ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात एका प्राण्याच्या आकृतीवर चौकटींची जाळी आखून, ती जाळी वाकवून दुसऱ्या प्राण्याची आकृती कशी मिळते हे दाखवले होते. आज संगणकाच्या पडद्यावर उंदराच्या कवटीची जाळी कोठे ताणली गेली आणि कोठे आकसली हे पाहताना त्या वृद्ध स्कॉटिश प्राध्यापकाची आठवण होतेच.

प्लेगच्या नकाशाकडे परत जाऊ. हाँगकाँगहून १८९६ साली मुंबईत आणि लगोलग पुण्यात पोहोचलेल्या प्लेगची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. त्याच जागतिक साथीने १९०१ साली केपटाउन गाठले. बोअर युद्ध चालू होते, ब्रिटिश फौजेच्या घोड्यांसाठी बोटी भरभरून चारा बंदरात उतरत होता आणि त्यासोबत उंदीरही. साथीचा बहाणा करून तेथील आफ्रिकी रहिवाशांना शहराबाहेरच्या छावणीत हलवण्यात आले, हा इतिहासही पुण्याच्या सक्तीच्या तपासण्यांची आठवण करून देणारा आहे. पुढे प्लेग बंदरातून आत सरकला आणि माळावरच्या जर्बिलांत घर करून बसला. पण जर्बिल माणसाच्या घरात येत नाही. माळ आणि माजघर यांच्यामध्ये ये-जा करतो तो मॅस्टोमिस. तो कौचा असेल तर जर्बिलांकडून प्लेग घेतो, मरतो आणि त्याच्या अंगावरच्या पिसवा नवे यजमान शोधू लागतात. तो नेटॅलेन्सिस असेल तर ही साखळी तेथेच तुटण्याची शक्यता अधिक. आयझॅकसन यांच्या प्रयोगाने सुचवलेला अर्थ हा असा होता.

तथापि हा अर्थ खंडभर ताणता येत नाही. टांझानियाच्या लुशोटो जिल्ह्यात १९८० पासून पुढे अनेक वर्षे माणसांत प्लेगच्या साथी येत राहिल्या आणि तेथे आहे तो नेटॅलेन्सिसच. तेथे इतर उंदीर आहेत, पिसवा निराळ्या आहेत, डोंगर आहे. प्रजातीचे नाव कळले की रोगाचे गणित सुटले, असे होत नाही. नाव कळल्याशिवाय ते मांडताच येत नाही, इतकेच.

पश्चिम आफ्रिकेत हीच गोष्ट अधिक भीषण स्वरूपात समोर आली. नायजेरियातील लासा या गावातील एका मिशन रुग्णालयातील परिचारिका १९६९ साली अनोळखी तापाने दगावली आणि तिच्या पाठोपाठ शुश्रूषा करणारेही आजारी पडले. विषाणूचा शोध घेणाऱ्या अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही लागण झाली आणि तेथील एका तंत्रज्ञाचा मृत्यू झाला. सिएरा लिओनमध्ये १९७२ साली आलेल्या साथीत घराघरांतले उंदीर पकडून तपासले, तेव्हा विषाणू सापडला तो मॅस्टोमिसमध्ये. अहवालात नाव लिहिले गेले मॅस्टोमिस नेटॅलेन्सिस. पण त्या काळी हे नाव म्हणजे सर्व बहुस्तनी उंदरांची गोणी होती! पश्चिम आफ्रिकेत नेटॅलेन्सिसखेरीज ३८ गुणसूत्रांचा एरिथ्रोल्यूकस आहे, हुबर्टी आहे. आणि हुबर्टीची गुणसूत्रेही नेटॅलेन्सिसप्रमाणे ३२ च आहेत, म्हणजे मोजणीही सर्वत्र कामाची नाही. लासा तापाची लागण दरवर्षी एक ते तीन लाख लोकांना होत असावी, असा एक अंदाज नेहमी दिला जातो. त्यांच्या घरातला नेमका कोणता उंदीर दोषी, हे ठाऊक नसताना उपाय कशावर करणार?

गिनीतील १३ गावांत पकडलेल्या सुमारे दीड हजार उंदरांची जनुकीय ओळख पटवून केलेली तपासणी २००६ साली प्रसिद्ध झाली. लासाचा विषाणू सापडला तो केवळ खऱ्या नेटॅलेन्सिसमध्ये. शेजारच्या शेतात बागडणारा एरिथ्रोल्यूकस त्या तपासणीत निर्दोष ठरला. पॅरिसच्या संशोधकांनी २००९ साली याच पट्ट्यातील जनुकीयदृष्ट्या ओळखलेल्या उंदरांच्या कवट्या घेऊन, एकाच परिसरात राहणाऱ्या या भावंडांना घडणीवरून कितपत वेगळे करता येते ते तपासले. पुढे २०१६ साली नायजेरिया आणि गिनीतील नव्या तपासण्यांत एरिथ्रोल्यूकस आणि हायलोमिस्कस नावाचा एक रानउंदीर यांच्यातही लासा विषाणू आढळला. निर्दोष सुटलेल्यावर पुन्हा खटला उभा राहावा तसे झाले. तरीही मुख्य वाहक नेटॅलेन्सिसच, याबद्दल दुमत नाही.

येथे एक कोडे उरते. नेटॅलेन्सिस पूर्वेला आणि दक्षिणेलाही आहे, मग लासा ताप पश्चिम आफ्रिकेतच का? जनुकीय तपासणीत असे दिसते की, हा एकच उंदीर खंडभर सहा वंशशाखांत विभागलेला आहे आणि प्रत्येक शाखेचा आपापला प्रदेश आहे. लासा विषाणू फक्त पश्चिमेकडील शाखेत सापडतो. पूर्वेकडील शाखांत त्याचे चुलतभाऊ असलेले विषाणू आहेत. त्यांनी माणसाला आजारी केल्याचे आढळलेले नाही. टांझानियात दोन शाखा जेथे एकमेकींना भिडतात त्या अरुंद पट्ट्याचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेथे उंदीर एकमेकांशी थोडाफार संकर करतात, पण एका शाखेचा गैरो विषाणू आणि दुसरीचा मोरोगोरो विषाणू आपापली हद्द फारशी ओलांडत नाहीत. आपण ज्याला एकच प्रजाती म्हणून सोडून देतो, तिच्या आतल्या भौगोलिक भेगा विषाणूला कळतात.

या सगळ्या घोटाळ्याचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९४० च्या आसपास प्लेगच्या संशोधनासाठी जोहान्सबर्गला मॅस्टोमिस पाळायला सुरुवात झाली आणि तेथून ते जगभरच्या प्रयोगशाळांत पसरले. जठरातील गाठींच्या अभ्यासासाठी ते वापरले गेले, तसेच हत्तीरोगाच्या जंतांना शरीरात वाढू देणारा सोयीचा प्राणी म्हणूनही. अनेक दशके शोधनिबंधांत त्यांचे नाव नेटॅलेन्सिस असे छापले जात होते. १९९० साली काही संशोधकांनी अशा वसाहतींतील प्राण्यांची नीट तपासणी केली, तेव्हा ते कौचा निघाले. म्हणजे ज्या उंदरावर वर्षानुवर्षे औषधे पारखली, त्याचेच नाव चुकीचे होते. विदर्भातील वाचकांना हत्तीरोग नवा नाही. त्यावरील औषधांच्या शोधात लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत आजवर जे प्राणी वापरले गेले, त्यांत जर्मनीतल्या गीसनमधून आलेल्या वंशाचे हे उंदीरही आहेत. तेथील निबंधांत त्यांचे नाव मॅस्टोमिस कौचा असे छापले जाते.